उत्तमच्या पायातला गोरा

ठाण्याच्या खाडीलगतच्या मैदानावर त्या हिवाळ्यात बायाबापड्याही फुटबॉल बघायला येऊ लागल्या होत्या. खेळ कुणाला कळत नव्हता, बघायचा होता तो उत्तमचा पाय. त्यानं लांबून चेंडू हाणला की हवेत घोगरा हुंदका उठे, कल्याणच्या संघाचा गोलरक्षक धोंडीबा जागीच थिजे आणि चेंडू त्याच्या काखेखालून निघून जाई.

उत्तमच्या उजव्या पायात एक मेलेला गोरा शिपाई आहे, असं मांत्रिक भस्मेबुवांनी जाहीर केलं होतं. "खेळ अर्धा राहिला म्हणून रडतो तो," बुवा सांगत. "त्याला कोंबडं लागतं नि विलायती बाटली." दोन्ही बुवांच्या मठीत पोचत; गोरा तिथंच जेवतो म्हणे.

उत्तम पुण्याच्या छावणीत गोऱ्यांच्या घोड्यांना खरारा करता करता खेळ शिकलेला. क्लबाचे चालक अण्णा वकील यांनी त्याला भारी पगारावर ठाण्याला आणलं. तेव्हापासून बाकीच्या दहांनी सराव सोडला. चेंडू आला की उत्तमकडे ढकलायचा नि कमरेवर हात ठेवून बघायचं. संघ हरतच राहिला, अण्णांचं हसं झालं. मग बुवा आले, सामन्याआधी चेंडूला भस्म फासू लागले आणि हुंदका सुरू झाला; ठाणं जिंकू लागलं.

सर्वांत जास्त भ्याला तो उत्तमच. लोक त्याच्या पायाला हात लावून नमस्कार करत, तेव्हा त्याच्या अंगावर काटा येई. चालताना पाऊल आपणहून पडतंय असं वाटे. निजताना तो उजवा पाय पांघरुणाबाहेर ठेवी. जेवण तुटलं. एके सकाळी त्याची बायको शेवंती चुलीपासून उठली, तर तो कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसलेला.

"तोडून टाकतो," तो म्हणाला. "माझा न्हाईच त्यो."

शेवंतीनं कुऱ्हाड हिसकावली. सामन्याचा चेंडू घरातल्या देवापाशी होता. सामन्याबाहेर उत्तमखेरीज कुणी शिवायचं नाही, असा बुवांचा हुकूम. तिनं तो उचलला नि संतापानं घरामागच्या बांधावरून खाली भिरकावला.

हुंदका आला.

दोघंही गारठली. मग शेवंती खाली उतरली, चेंडू आणून पुन्हा फेकला. पुन्हा तोच हुंदका.

"आता माझ्या हातातबी गोरा शिरला का?" तिनं विचारलं.

उत्तमनं चेंडूची वादी सोडली. चामड्याच्या फटीत वेळूची बोटभर शिट्टी शिवलेली होती. चेंडू जोरात गेला की तिच्यात वारा भरे, आणि मैदानावर तसा लांबचा फटका उत्तमखेरीज कुणी मारत नसे. त्यानं ती फुंकली, आणि मग दोन्ही हातांनी आपला पाय चोळत तो कितीतरी वेळ रडला.

कल्याणशी पुढच्या सामन्याला त्यानं सगळ्यांसमोर ती शिट्टी धोंडीबाच्या हाती दिली. धोंडीबानं फुंकली. तोच हुंदका उठला. गोरा आता वेळूत शिरलाय, असं बुवा म्हणाले. मग कुणी न फुंकता त्याला रडायला सांगा, असं धोंडीबानं सुचवलं. बुवा गर्दीतून निघाले ते ठाण्यात पुन्हा दिसले नाहीत.

साध्या चेंडूनं खेळ झाला. धोंडीबानं उत्तमचे सगळे फटके अडवले; ठाणं हरलं.

"गप्प बसला असतास तर जिंकलो असतो," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आपल्याला जिंकवत होती ती धोंडीबाची भीती. मी एक गडी हाय. तुमाला अकरा लागतील."

दुसऱ्या दिवशी दहांपैकी चौघेच सरावाला आले. उत्तमनं त्यांना घेऊन सुरुवात केली.

वाचकहो, हवेत हुंदका ऐकू आला तर हात जोडण्याआधी तो कुठून येतो ते बघा. उत्तमच्या घरात असं बघणारी होती. नाहीतर वेळूच्या एका तुकड्यापायी तो धडधाकट माणूस आपल्याच हातानं लंगडा झाला असता.