महाराणीची लाथ

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही. धाकटी जनावरांची डॉक्टर झाली, लांबलांबच्या गोठ्यांतून तिला बोलावणी येऊ लागली. सख्ख्या भावाच्या गोठ्यात मात्र तिने पाहुणीसारखं यायचं, चहा प्यायचा आणि दादाने केलेले उपचार ऐकून मान डोलवायची. दादाचा अनुभव दांडगा होता आणि हट्ट त्याहून दांडगा.

त्या दिवशी वहिनीचा फोन आला. "वन्सं, मी बोलावलंय हे ह्यांना सांगू नका. महाराणीला दगडी झालीय, कास सुजून दगडासारखी झालीय. संध्याकाळी व्यापारी तिला न्यायला येणार आहे." ती गाय वहिनीने बाटलीने दूध पाजून वाढवली होती.

धाकटी हातातलं काम टाकून आली. महाराणी मागचे पाय फाकवून उभी होती. कासेचा एक भाग लालबुंद, टणक, हात लावला तर चटका बसावा असा. अंगात सणसणून ताप, आणि गव्हाणीतली वैरण जशीच्या तशी.

"सडात ट्यूब सोडतोय मी, औषधात कसूर नाही," दादा म्हणाला. "पण ही बया लाथा झाडते. काल बादली उडवली, आज मला. दुभत्या गाईच्या लाथा गोड, मान्य. पण दूध तरी द्यावं!"

"मग धार पुरती निघते का?"

"निघेल तेवढी काढतो नि उठतो. मला जीव प्यारा आहे."

धाकटीने कपाळावर हात मारला. गाय दुखतंय म्हणून लाथ मारत होती, लाथेच्या धाकाने दादा अर्धी धार सोडून उठत होता, आणि ते घाण दूध आत तुंबून सूज वाढवत होतं. ट्यूब जंतूंशी झगडणार, पण सूज आणि ताप कोण उतरवणार?

"सुजेचं नि दुखण्याचं इंजेक्शन देऊ," ती म्हणाली.

"त्याने दुखणं नुसतं झाकलं जातं. रोग तिथेच!"

"दादा, तुझी दाढ सुजली होती, तेव्हा गोळी घेण्याआधी तोंड तरी उघडलं होतंस का?"

"उघडलं होतं की," वहिनी म्हणाली, "शिव्या द्यायला."

दादाने बायकोकडे डोळे वटारले, पण हसू काही त्याला आवरलं नाही. "दे बाई. नाहीतरी जायचीच आहे ती."

धाकटीने इंजेक्शन दिलं. ट्यूब चालूच ठेवायच्या आणि या गाईचं दूध कॅनमध्ये थेंबभरही जाऊ द्यायचं नाही, हे तिने दोनदा बजावलं. मग ती गोठ्यातच बसून राहिली. उपाय फसला तर गाय जाणार, आणि या घरात तिचा शब्द पुन्हा कुणी ऐकणार नाही.

दुपार कलली तशी महाराणीने गव्हाणीत तोंड घातलं. वहिनीने तोंडावर पदर धरला.

व्यापाऱ्याची गाडी फाटकात वाजली, तेव्हा दादा गाईचे पाय बांधायला दोरी घेऊन निघाला होता.

"दोरी नको," धाकटी म्हणाली. "मी बसते."

"खुळी आहेस का? तोंड फुटेल!"

ती बसलीच. सडाला बोटं लागताच महाराणीने पाय उचलला. दादा दोरी घेऊन पुढे झाला. गाईने पाय हवेत धरला, जरा विचार केल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. आधी पिवळ्या गुठळ्या आल्या, मग पाण्यासारखं दूध, आणि ते येतच राहिलं. कास हळूहळू सैल पडली. महाराणी डोळे मिटून रवंथ करू लागली.

"सरक," दादा म्हणाला आणि स्वतः बसला. सगळी कास रिकामी करूनच तो उठला. ते दूध त्याने स्वतःच्या हाताने खड्ड्यात ओतलं आणि हात पुसत फाटकाकडे गेला.

"गाय द्यायची नाही," त्याने व्यापाऱ्याला सांगितलं.

"मग कधी येऊ?"

"कधीही या. पण चहाला या, ही गाडी घरी ठेवून!"

वहिनी महाराणीच्या गळ्यात पडून हसत रडत होती. धाकटी बॅग आवरू लागली. खुशीत तिने बॅगेची चेन लावायला घेतली.

"ती बंद काय करतेस?" दादा परत येत म्हणाला. "कोपऱ्यातली ती लंगडतेय. तिलाही बघ. काय करायचं ते तूच सांग."