मास्तरीणबाईंचे दोन पलंग

ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, सिनेगॉगच्या, मागच्या खोलीत लग्न झालेल्या बायकांना संसाराचे नियम शिकवत मास्तरीणबाईंची हयात गेली. पाळी आली की नवरा-बायकोनं लांब राहायचं, पलंग वेगळे, साधी मिठाची बरणीसुद्धा हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची. मग दिवस पुरे झाले, विधीच्या हौदात बुडी मारली, की पुन्हा जवळ.

"आणि भांडण?" नव्यानं येऊ लागलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भांडा खुशाल. भांडणाला हात लावावा लागत नाही."

बायका हसल्या. मास्तरीणबाई नेहमीचं सांगू लागल्या, "हा विटाळ नाही गं. लांब राहिलं की माणूस बोलायला लागतं. परत भेटतो तेव्हा नव्यानं लग्न झाल्यासारखं वाटतं."

"तुमच्याकडे अजून वाटतं?"

"वाटतं तर," बाई म्हणाल्या, आणि पुढचा धडा काढला.

खरं तर बाईंची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना आता कसलीच मनाई नव्हती. पलंग कायमचे जोडलेले, आणि चष्म्याचं दुकान बंद करून आलेला नवरा त्यावर पडल्या पडल्या घोरायला लागे. ज्याला बारा महिने परवानगी, त्याला घाई कशाची?

त्या संध्याकाळी नवऱ्यानं ताटासाठी हात पुढे केला. बाईंनी ताट टेबलावर ठेवलं.

"पुन्हा सुरू झालं की काय? डॉक्टरांना दाखवू."

"काही झालेलं नाही. सराव करतेय. शिकवते, तर विसरायला नको."

नवरा गरीब गाय. त्यानं मुकाट्यानं पलंग ओढून वेगळे केले. पण पलीकडच्या पलंगावरून तो बोलू लागला. चष्मा कपाळावर ठेवून दुकानभर चष्मा शोधणाऱ्या गिऱ्हाइकाची नक्कल त्यानं अशी केली, की बाईंना हसून ठसका लागला. पाठीवर थाप मारायला तो उठला, आणि नियम आठवून मध्येच थांबला. बाईंना त्याचं ते थांबणं फार आवडलं.

पुढे तो केस कापून आला. नवा सदरा घातला. आणि शेवटी, सरळ माणूस असल्यामुळे, सराव संपतो कधी हे विचारायला थेट सिनेगॉगच्या धर्मगुरूंकडे, राब्बींकडे गेला.

राब्बींनी बाईंना बोलावून घेतलं. "नियम मोडणारे मी पुष्कळ पाहिले. पदरचा नियम घालणाऱ्या तुम्ही पहिल्याच. देवानं जे मोकळं केलं, ते तुम्ही बांधणार? आजच पलंग जोडा."

बाईंची मान खाली गेली. एवढी वर्षं शिकवून ऐकून घ्यायची वेळ आली होती. घरी येऊन दोघांनी पलंग जोडले. नवरा हळहळला, पण आज्ञा ती आज्ञा. आठवडाभरात तो पुन्हा पाठ टेकताच घोरू लागला.

एका सकाळी मात्र तो कोणाला न सांगता राब्बींना भेटून आला आणि खाली वाकून पलंग ओढू लागला.

"अहो, हे काय?"

"राब्बींची परवानगी आहे. माझी कंबर धरते. मला वेगळी, कडक गादी लागते."

"कंबर कधीपासून धरते तुमची?"

"आज सकाळपासून," तो म्हणाला, आणि त्यानं तो जड पलंग एकट्यानं उचलून खिडकीपाशी ठेवला. मग सदरा झटकत, जरा लाजून म्हणाला, "संध्याकाळी घरी आहेस ना? नाही, जरा तुझ्याकडे येऊन बसलो असतो."