अर्ध्यावर थांबायचा हुकूम

वजन पंच्याहत्तर किलो आणि उंची पाच फूट एक इंच. बॉक्सिंग शिबिराच्या पहिल्याच दिवशी प्रशिक्षक धर्मेंद्र सरांनी रोशनीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. ते काम लवकर आटपलं. मग म्हणाले, "तू यामिनी की तैयारी कराएगी."

रोशनीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती आली होती निवड चाचणीसाठी. पण राष्ट्रीय स्पर्धेला या वजनगटातून एकच मुलगी जाणार होती आणि सरांनी ती आधीच ठरवून टाकली होती. दुर्गची यामिनी, पाच फूट दहा इंच, हात लांबसडक. स्पर्धेत तिची गाठ पडणार होती हरियाणाच्या एका बुटक्या मुलीशी. म्हणून सरावापुरती एक बुटकी हवी होती.

त्यातही हुकूम होता. "अंदर आना, पर आधे पे रुक जाना. बॉडी पे नहीं मारना. उसको चोट लग गई तो?"

बुटक्या मुक्केबाजाचा सगळा खेळच आत शिरण्याचा. लांब हातांच्या टप्प्यातून वाकत, डोकं हलवत जायचं, छातीशी भिडायचं आणि बरगड्यांवर ठेवून द्यायची. इथं मात्र दारापर्यंत मार खात जायचं आणि उंबऱ्यावरून परत फिरायचं. रोज सुजलेलं नाक घेऊन ती खुर्सीपारला घरी येई.

"कावून मार खाऊन राहिली वं तू?" सत्यभामानं लेकीला विचारलं.

"मारायले मनाई हाय, आई."

"मंग पोळ्या लाटायले ये. इथं तरी तुले कोनी अडवत नाही."

वडील देवराव रेल्वेत पॉइंट्समन. ते पोरीची समजूत काढायला लागले, "टायसन पाय, मार्सियानो पाय. दोघंबी आपल्या गटात बुटकेच होते. तरी लंबे लंबे आडवे केले."

"त्याईले कोनी अर्ध्यावर थांब म्हनलं नव्हतं, बाबा."

देवराव हळूच म्हणाले, "सरासंग भांडू नको बाई. शिबिरात नाव तर राहीन."

सरांच्या हुकमापेक्षा रोशनीला त्या वाक्याचा जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी ती गेलीच नाही. त्यानंतरही नाही. अखेर सर स्वतः मोटारसायकल घेऊन घरी आले. एवढ्या वजनाची एवढी बुटकी मुलगी त्यांना दुसरी मिळाली नव्हती.

"बेटा, टीम का नुकसान हो रहा है."

"तो टीम में लो."

"पर हाइट..."

"हाइट भी कांटे पे तौलते हो क्या, सर?"

"रोशने!" देवराव ओरडले.

"तुमी बोलू नका, बाबा." ती सरांकडे वळली. "फाइट लगाओ. पूरी. रेफरी बाहर का. जो जीती वो जाएगी. मैं हारी तो यामिनी का बैग स्टेशन तक उठाऊँगी."

सर हसले. यामिनी जिंकणार, वर या पोरीची खोडही मोडणार. ते हो म्हणाले. चहाला हात न लावता निघून गेले.

रेफरी रायपूरहून आला. घंटा झाली. यामिनीचे दोन जॅब रोशनीच्या कपाळावर बसले. ती वाकून पुढं सरकली, आणि नेहमीच्या जागेशी येताच यामिनीनं हात किंचित खाली घेतले, पाय सावरले. रोज ती तेच करायची. रोशनी इथं थांबते, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

रोशनी थांबली नाही. डावा हात बरगड्यांत, उजवा पोटात, पुन्हा डावा. "दूर रख! दूर रख!" सर कोपऱ्यातून ओरडत होते. पण दूर ठेवायची वेळ कधीची टळली होती. दुसऱ्या फेरीत यामिनी गुडघ्यांवर आली आणि रेफरीनं लढत थांबवली. रोशनीचा हात वर केला.

"ये ट्रायल नहीं, प्रैक्टिस थी," सर म्हणाले. "नाम कमेटी तय करेगी."

रोशनी काही बोलणार, तेवढ्यात यामिनी बरगड्या धरून उठली. दातांवरचं कवच तिनं हातावर थुंकलं. "सर, आपने मुझे आधी लड़की से लड़ना सिखाया! हरियाणा वाली रुकती क्या?" मग ती रोशनीवर उखडली. "और तू? रोज चुपचाप रुकती रही?"

"मेरे को बोला गया था."

"बोला गया था!"

रोशनीचे कान तापले. हे उत्तर तिच्या तोंडून निघालं होतं, पण त्यातला आवाज बाबांचा होता. ती रिंगमधून उतरली नाही. दोरीपाशी येऊन उभी राहिली.

"नाम लिखो, सर. अभी."

सरांनी रेफरीकडे पाहिलं. रेफरीनं हाताची घडी घातली होती. ज्या कमिटीचं नाव त्यांनी घेतलं, तिला हा रेफरी काय सांगेल हे सरांना कळत होतं. त्यांनी कागद ओढला, यामिनीच्या नावावर रेघ मारली.

"रोशनी... आगे क्या?"

इतके दिवस मार खायला लावला आणि आडनावही विचारलं नव्हतं! तिला वाटलं, यांना एक तरी बरगडीत द्यावी.

"खवसे. रोशनी देवराव खवसे. पूरा लिखो."

ती दोरीवरून वाकली आणि अक्षर न् अक्षर उमटेपर्यंत कागदावरून नजर हलवली नाही.