फळ्यावरचं सपाट पान

माझ्या मुलाला वाटतं, म्हातारीला दिसत नाही. बसथांब्याजवळच्या फळ्यावर पाच दिवस त्यानं तेच पान टाचून ठेवलं होतं, आणि ते मुडपलं नव्हतं. झाडावरून खुडलेलं पान दुसऱ्या दिवशी कडेनं वळायला लागतं, तिसऱ्या दिवशी पापड होतो. हे मात्र इस्त्री केल्यासारखं सपाट. असं पान एकाच ठिकाणी मिळतं, वहीत. हे कळायला शाळा लागत नाही. मी सहावीतून घरी बसलेली बाई आहे.

फळा तसा गावाचा, पण लिहिणारे आमच्या घरातले. आधी सासरे, मग आमचे हे. आमच्याकडे शरदात पानांचा रंग आधी डोंगराच्या माथ्यावर लागतो आणि रोज थोडा थोडा खाली उतरतो. तो कुठवर आला ते सांगायला तीन साक्षीची झाडं आहेत. वर खिंडीत नानाकामादो, सात वेळा चुलीत घातलं तरी जळत नाही म्हणतात ते. मध्ये, जंगलातला रस्ता संपतो तिथे, शरदात पिवळं होणारं जुनं बुना. आणि खाली आमच्या सराईच्या दारातलं, पंजासारख्या पानांचं मोमिजी. आमचे हे पहाटे वर जायचे, येताना तिन्ही झाडांचं एकेक पान आणायचे, फळ्यावर ओळी लिहायचे आणि ओळीशेजारी पान टाचायचे. "अक्षर खोटं बोलेल, पान नाही बोलणार," सासरे म्हणायचे. दुसऱ्या दिवशी जुनी पानं वहीत, तारखेखाली. खोऱ्यातल्या सगळ्या सराया, बसवाले, सेंदाई शहरातून रंग बघायला येणारे म्हातारे-कोतारे, सगळे त्या फळ्याच्या भरवशावर चालतात.

गेल्या वर्षी सात ऑक्टोबरला आमचे हे वर गेले आणि आपल्या पायांनी परत आले नाहीत. नानाकामादोखालच्या दगडावर बसलेले सापडले. छातीत कळ आली असणार. चौघांनी खाली आणलं. मी रडले नाही. लोक म्हणाले, त्सुया-सान म्हणजे पोलादी बाई. मी म्हटलं, हो. पोलाद कसलं डोंबलाचं! काल रात्रीचा गार भात जसा असतो तसं झालं होतं. पोट भरतं, चव लागत नाही. मुळ्याच्या लोणच्यात मीठ किती पडलं ते मला आता कळत नाही. सून, चिहारु, मी पाठ फिरवली की फोडी पाण्यातून काढते. मी तिला काढू देते. आणि स्वयंपाकघराची डोंगराकडची खिडकी मी तेव्हापासून उघडलेली नाही. वारा गुडघ्याला लागतो, असं सांगते.

फळा शिगेतोकडे आला. बेचाळीस वर्षांचा घोडा आहे. त्याच्यात जो चिवटपणा आहे तो माझा, आणि जे मऊ आहे ते बापाच्या घराण्याचं. हे मी त्याच्या लग्नातसुद्धा सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

आता ते पान. मी ते दुसऱ्याच दिवशी ओळखलं, आणि गप्प बसले. बोलले असते तर पुढचंही विचारावं लागलं असतं, की मग वर का जात नाहीस. ते मला विचारायचं नव्हतं. आणि एकदा गप्प बसलं की पुढच्या दिवशी गप्प बसणं सोपं जातं.

अकरा तारखेला दुपारच्या बसनं हिसानो-सान आली. सेंदाईची. चौऱ्याऐंशी वर्षांची, चिमणीएवढी. जन्मभर किमोनोचं कापड रंगवलं तिनं, बोटांच्या नखांत अजून निळं आहे. तीस वर्षं दर शरदात एक रात्र आमच्याकडे उतरते, मधल्या बुनाचं पिवळं बघून जाते. म्हणते, ते पिवळं कुठल्याच भांड्यात उतरलं नाही.

"गुडघा कसा आहे गं?"

"आहे तिथंच आहे."

"आणि तू?"

"मीही."

तिनं अळंब्यांचं सार प्यायलं, वाटी खाली ठेवली, आणि वाटी ठेवल्यावरही हात तिथेच ठेवला.

"परवा फोन केला होता मी. शिगेतो म्हणाला, मधलं झाड पिवळं झालंय, या."

"हो का."

"बसच्या मागच्या खिडकीतून वळणावर ते झाड क्षणभर दिसतं ना. मी चष्मा पुसून पाहिलं. मला हिरवं दिसलं, त्सुया-सान."

मी तिच्यासाठी चहा ओतला.

"डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, आधी रंग जातील, मग बाकीचं. नव्या वर्षापर्यंत नजर राहील म्हणाले. मला वाटलं, हा एक शरद मिळाला." ती अगदी हळू बोलत होती, कापडाचा भाव विचारावा तशी. "फळ्यावरचं पान जवळ जाऊन पाहिलं, ते पिवळं दिसलं. झाड मात्र हिरवं. म्हणजे लांबचं गेलं. खरं सांग, तुझे डोळे अजून कावळ्यासारखे आहेत. त्या झाडाचा रंग काय आहे?"

आता खोटं कोणाचं आणि कोणाच्या डोळ्यांवर येऊन बसलं पाहा. मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं की पान जुनं आहे. पण तिनं पानाचा रंग विचारला नव्हता. झाडाचा विचारला होता, आणि तो मलाही माहीत नव्हता. वर्षभर मी त्या डोंगराकडे तोंडच केलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले. खिडकीची कडी गंजली होती. तीळ वाटायच्या दांड्यानं ठोकली तेव्हा निघाली. खिडकी उघडली आणि पाहिलं. डोंगर होता तिथेच होता. बुना हिरवंगार, जूनमध्ये असावं तसं. या वर्षी उन्हाळा सप्टेंबर संपेपर्यंत हलला नव्हता. वर खिंडीपाशी तेवढा एक लाल पट्टा, नखाएवढा.

"हिरवं आहे," मी परत येऊन म्हटलं.

"माझं मन राखायला सांगतेस."

"मी आजवर कोणाचं मन राखलंय?"

"तेही खरं," ती म्हणाली. हसली, आणि मग रुमालात तोंड घालून बराच वेळ बसली.

शिगेतो मागच्या छपरात होता, हिवाळ्यात भिंतींना लावायच्या फळ्या मोजून बाहेर काढत होता. मी म्हटलं, "बापाची वही आण." कुठली वही असं त्यानं विचारलं नाही.

शेवटचं लिहिलेलं पान त्यानंच उघडलं. सहा ऑक्टोबर. 'वर लाल. मध्ये पिवळं. खाली हिरवं.' ह्यांची अक्षरं मोठी मोठी असायची, मला वाचता यावीत म्हणून. खाली डिंकाचे तीन डाग, पानं काढून घेतल्याचे. पलीकडचं पान कोरं.

"घरात चाळीस वह्या आहेत," मी म्हटलं. "खोटंच टाचायचं होतं तर सात तारखेपासून दुसऱ्या वर्षाची वही घ्यायचीस. पाच दिवस एकच ओळ? खोटं बोलायलाही डोकं लागतं, शिगेतो."

"पुढचं पान कोरं आहे, आई."

"दिसतंय मला."

"हात पुढे जाईना."

चिहारु दारात येऊन उभी होती, हाताला पीठ. "आई, हे रोज पहाटे बूट घालून निघतात. ट्रक घेऊन बुनापर्यंत जातात. खाली उतरत नाहीत. समोर झाड असतं, पण मान वर करत नाहीत. तासभर बसून परत येतात."

"तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस?"

"माहीत तर तुम्हालाही होतं."

सून तशी गरीब आहे. त्या दिवशी नव्हती.

मी शिगेतोला म्हटलं, "ती आत बसलेली बाई समजतेय, आपले डोळे गेले. तुझ्या फोनवर आली ती. आज तिला रंग दिसला पाहिजे. पाठीवर ओझं बांधायची लाकडी चौकट काढ."

"वर?"

"रंग वर आहे. खाली येईपर्यंत तिचे डोळे थांबणार नाहीत."

छोट्या ट्रकमध्ये तिघं दाटीवाटीनं बसलो. बुनापाशी रस्ता संपला. चौकटीवर गोधडी घालून हिसानो-सानला पाठमोरं बसवलं, पट्ट्यांनी बांधलं. ती म्हणाली, "जन्मभर कापडाचे गठ्ठे बांधले, आज गठ्ठा झाले." शिगेतो हसला नाही. उठला आणि चालायला लागला. वाट अर्ध्या तासाची, मला काठीनं पाऊण तास लागला. तो दर वळणावर थांबे. माझ्यासाठी असावं असं मी धरलं.

नानाकामादो लाल होतं. शेंड्यापासून बुडापर्यंत, फळांचे घोससुद्धा. शिगेतोनं तिला सोडवून झाडाजवळ नेलं. तिनं एक डहाळी ओढली, आधी डोळ्यांजवळ धरली, मग हात पूर्ण लांब करून धरली, मग सोडून दिली आणि दहा पावलं मागे सरकली.

"लाल आहे ना गं?"

"लाल."

"एकसारखं नाही. उन्हाच्या बाजूला शेंदराकडे जातंय, आतल्या बाजूला जांभळट."

मी नीट पाहिलं. तसंच होतं.

"हो," मी म्हटलं.

"मग आहेत अजून," ती म्हणाली, आणि तिथेच वाळक्या गवतात बसून बघत राहिली. आम्ही दोघं आहोत हे ती विसरली.

तो दगड झाडापासून चार हातांवर आहे. मी त्याच्यापाशी गेले. दगड आहे, दुसरं काय असणार. एका बाजूला शेवाळ, वर पडलेली दोन पानं. मला वाटलं होतं, इथे आलं की काहीतरी होईल. बटाटा शिजला का ते बघायला काडी टोचून बघतात, तशी मी आत टोचून पाहिली. काही नाही. गुडघा तेवढा ठणकत होता. मी दगडावर बसले, कारण बसायला दुसरी जागा नव्हती. इथून खालचं सगळं खोरं दिसतं, आमचं छप्परही. हे मला ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

शिगेतो आमच्याकडे पाठ करून उभा होता. खांदे हलत होते. मी हाक मारली नाही. त्याचं चाललं होतं ते मला जमत नव्हतं, आणि मध्ये बोलून मोडण्यासारखं ते नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं बाहीनं नाक पुसलं, झाडाचं एक पान खुडलं, आणि बापासारखंच टोपीच्या पट्टीत खोचलं. बुनाचं पान येताना खुडलं. मोमिजीचं दारात.

फळ्यापाशी पोचलो तेव्हा पाचची बस यायची होती. थांब्यावर गावातले दोघं-तिघं होते. शिगेतोनं हिसानो-सानला बाकावर बसवलं, जुनी पानं काढून माझ्या हातात दिली, ओळी पुसल्या आणि लिहिलं. 'वर लाल. मध्ये हिरवं. खाली हिरवं.' तीन पानं टाचली. बुनाचं पान सावलीतलं, अजून ओलं होतं, पाणी फळ्यावरून ओघळलं. बस चालवणारा खाली उतरून वाचायला लागला.

"अरेच्चा, सकाळपर्यंत मध्ये पिवळं होतं की," तो म्हणाला.

शिगेतो त्याच्याकडे वळून वाकला. "ते मी न बघता लिहिलं होतं. माफ करा."

चारचौघांत म्हणाला. ते त्याचं त्यानं म्हटलं, मी सांगितलं नव्हतं.

बस गेली. तो माझ्याकडे बघत उभा राहिला, लहानपणी भांडं फोडून उभा राहायचा तसा. आता आई काय म्हणते. ती सपाट पानं माझ्या मुठीत होती. चुरा झाला असेल असं मला वाटलं, पण झाला नव्हता. त्यांना उद्या वहीत परत डिंक लावावा लागेल.

मी म्हटलं, "तू खोटारडा नाहीस, शिगेतो. खोटारड्याला खरं काय ते माहीत असतं, तू तर मान वर करून पाहिलंही नव्हतंस. तू भित्रा आहेस. आणि तुझ्या लग्नात मी चुकीचं सांगितलं, हे बापाकडून आलेलं नाही. माझ्याकडून आलंय. उद्या पहाटे वर जाशील तेव्हा मला उठव."