पत्र्यावरची थाप

"आरशात काय बघतोस सारखा, नवरदेव आहेस का?" बाबा शेजारच्या सीटवरून खेकसले. "कान उघडे ठेव. आई थाप मारतेय ना मागून."

"आज परीक्षेत आई येणार नाहीये मागे."

"तोंड बघा. गाडी येत नाही आणि जीभ बघा कशी चालते."

मी ब्रेक दाबून तसाच बसलो. डोकं आधीच सणकलेलं होतं. गेल्या खेपेला लायसन्सच्या परीक्षेत मी नापास झालो ते ह्या थापेमुळेच. आमची लाँड्री गल्लीच्या टोकाला, गल्ली बोळासारखी अरुंद. व्हॅनमध्ये हॉटेलांच्या चादरींची गाठोडी छतापर्यंत कोंबलेली, मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून बाबा रिव्हर्स घेतात ते आईच्या हातावर. पत्र्यावर दोन थापा म्हणजे ये, एक थाप म्हणजे थांब. मला शिकवलं तेही तसंच. परीक्षेच्या मैदानावर साहेबांनी सांगितलं, गाडी मागे घे. मी काच खाली केली, कान बाहेर काढला आणि बसलो वाट बघत.

"कोणाचा फोन यायचाय का?" साहेब म्हणाले. रांगेतली पोरं खिदळली. मग मी घाईघाईने मागे घेतली ती थेट खांबावर. मैदान रिकामं होतं आणि दोन्ही आरसे लख्ख.

तेव्हापासून मी फक्त आरशात बघून शिकतोय. व्हॅनचा डावा आरसा तर दुमडलेलाच असायचा, त्यात कोळ्याचं जाळं. मी पुसला, नीट लावला. बाबांनी परत दुमडला. मी परत उघडला. दोन आठवडे घरात हेच.

तर आज सकाळी मी ब्रेक सोडेना तेव्हा बाबा म्हणाले, "उतर. तुझ्या आरशांच्या नादात दुपार होईल. मी काढतो बाहेर, मग पुढे घे तू."

मी दार आपटून उतरलो, मागे आईपाशी जाऊन उभा राहिलो. तिने दोन थापा मारल्या. व्हॅन मागे यायला लागली. आणि माझं टाळकं फिरलं. आईने थांबायची थाप मारायला हात उचलला, तो मी धरला.

"सोड रे."

"बघू दे की त्यांना आरशात. सगळं दिसतंय."

डावीकडे आमच्याच साबणाच्या पाण्याच्या बादल्या होत्या, भडक लाल. त्या आरशात दिसायलाच हव्या होत्या. व्हॅन येतच राहिली. आई ओरडेपर्यंत दोन बादल्या चपट्या झाल्या होत्या आणि साबणाचं पाणी गल्लीभर.

बाबा उतरले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईला म्हणाले, "थाप का नाही मारलीस?"

"बाबा, बादल्या आरशात दिसत होत्या."

"मला शिकवू नकोस."

मी त्यांच्या डाव्या बाजूला गेलो आणि हात वर केला. "किती बोटं?"

"मस्करी करतोस काय बापाची?" असं म्हणत त्यांनी अख्खी मान वळवली आणि मग म्हणाले, "तीन."

"मान न वळवता सांगा."

त्यांची मान परत वळायला लागली. आईने खाली बसून चपटी बादली उचलली आणि उगाच सरळ करायला लागली. म्हणजे तिला माहीत होतं. ताईला पण माहीत असणार. सगळ्यांना माहीत, आणि गाठोडी उचलणारा मी एकटा घरातला बैल.

"कधीपासून?"

"समोरचं दिसतं मला नीट," बाबा म्हणाले. "डावीकडचं जरा धूसर आहे."

"जरा? आणि मी शाळा सोडली तेव्हापासून तुमच्या डाव्या बाजूला बसून फिरतोय."

"बोंबलू नकोस. हॉटेलवाल्यांच्या कानावर गेलं तर काम जाईल. उद्या चादरी पोचवायच्याच आहेत. तू पास झालास तर तू ने. नाही झालास तर मी आहे."

मी आहे म्हणे. सायकलवरची पोरं डावीकडूनच घुसतात, शाळा सुटते तीही डावीकडेच. त्यांना काय आई थाप मारून सांगणार?

मैदानापर्यंत गाडी मी चालवली. बाबा शेजारी. एकदाच म्हणाले, "क्लच हळू सोड." उतरताना मी किल्ली काढली आणि खिशात टाकली. त्यांनी हात पुढे केला.

"दे इकडे."

"नाही देणार. पास झालो तरी नाही, नापास झालो तरी नाही. नापास झालो तर गाठोडी डोक्यावरून पोचवीन. तुम्ही नाही चालवायची."

"बापाशी बोलतोयस."

"म्हणूनच बोलतोय."

त्यांनी हात मागे घेतला. आता मी रांगेत बसून हे मोबाइलवर खरडतोय, नाहीतर कोणाला तरी मारून बसेन. ते समोर उभे आहेत, जिथे गाडी रिव्हर्स घ्यायची असते तिथल्या पत्र्याच्या कुंपणाला टेकून. उजवा हात पत्र्यावर, तळवा उघडा. सवयच ती. मी मघाशी जाऊन बजावून आलो, हात खिशात घाला, एक जरी थाप ऐकू आली तरी मी गाडी सोडून चालता होईन. त्यांनी घातला खिशात. आता परत बाहेर आलाय.

माझा नंबर पुकारला. निघायला हवं.