मोटर आधीच गरम होती

धक्क्यावर मामांना सगळे ‘कानसेन’ म्हणत. होडीच्या मागे लावायची मोटर कुणी विकत घ्यायला निघाला की आधी मामांना घेऊन जायचा. मोटर चालू करायची, मामांनी डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळाने सांगायचं की हिचं वय किती आणि हिच्या पोटात कुठे दुखतंय. विकणारे लोक मामांना फाटकातून येताना पाहूनच निम्म्या थापा गिळून टाकत.

पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मामांचे कान कधीचेच जात चालले होते, आणि तेही नेमके बारीक आवाजांच्या बाजूने. मोटरची घरघर ऐकू येई, पण त्या घरघरीच्या आत दडलेली किरकिर, जिच्यावर त्यांची सगळी विद्या उभी होती, ती येईनाशी झाली होती. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, मामींनासुद्धा नाही. मामींना वाटे, नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करतो. सगळेच नवरे करतात, त्यात नवल ते काय!

अशातच भाची आली. पलीकडच्या काठावर माणसांची ने-आण करायला तिने होडी घेतली होती, मोटर तेवढी राहिली होती.

“मामा, एक जुनी बघून ठेवलीय,” ती म्हणाली. “तू हो म्हणालास तरच घेते. आईला उद्या सकाळी डोळ्याच्या ऑपरेशनला पलीकडे न्यायचंय, पहिली फेरी तिचीच.”

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. शिवाय तिची आई, म्हणजे मामांची थोरली बहीण, आक्का, हल्ली त्यांच्या घरी यायचीच बंद झाली होती. पूर्वी रस्त्यावरून जाताना खिडकीखाली उभी राहून हाक मारायची, वर येऊन तासभर भांडायची आणि मग जायची. आपलं काय चुकलं ते मामांना कळत नव्हतं आणि विचारायला जीभ रेटत नव्हती. लेकीचं काम केलं तर आक्काचा राग निवळेल, असा हिशेब करून ते निघाले.

विकणाऱ्याच्या मागच्या शेडमध्ये मोटर लाकडी घोडीवर टांगली होती. मामांनी टोपी काढून कपाळ पुसलं. “बरंय, इथं सावली आहे. निवांत बघता येईल,” असं स्वतःच म्हणाले.

नंबराची पट्टी जागेवर नव्हती. “गंजून पडली हो,” विकणारा म्हणाला. “पण पट्टी कशाला हवी? हातच्या काकणाला आरसा कशाला?”

इंजिनाच्या अंगावर एक छोटं गोल बूच असतं, त्यावरही नंबर ठोकलेला असतो, आणि रंग मारणाऱ्याला ते सहसा आठवत नाही. इथे आठवलं होतं. मामांनी नखाने रंग खरवडला, नंबर वाचला आणि भाचीला सांगितलं, “हा सांगतोय त्याच्या दुप्पट वय आहे.” विकणारा छताकडे बघायला लागला. मग मामांनी खालचा स्क्रू सैल करून गिअरचं तेल बोटावर घेतलं. ते दुधाळ झालं नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलं नव्हतं. पंख्याखालचं पातं झिजलं होतं, पण वयाच्या मानाने ठीक होतं. इथवर मामा राजे होते.

चालू करण्याआधी त्यांनी सवयीने इंजिनाच्या डोक्यावर तळवा ठेवला. ते कोमट लागलं. उन्हाने तापलं असेल, असं मनात आलं आणि गेलं, कारण मनात दुसरीच धाकधूक होती: आता ऐकावं लागणार.

मोटर पिंपातल्या पाण्यात सोडली. विकणाऱ्याने दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्याला ती चालू झाली. मामांनी डोळे मिटले. घरघर, नुसती घरघर. त्यांनी मान थोडी कलती केली, जवळ गेले, श्वास धरला. डोळे उघडले तर भाची त्यांच्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी गोष्टीचा शेवट ऐकायला बघायची तशी.

“चालेल,” मामा म्हणाले.

त्या शब्दाने त्यांना दुसऱ्या सकाळपर्यंत छळलं. सकाळी उठून ते स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर चहाचं भांडं झाकून ठेवलं होतं. मामी खिडकीशी पाठमोऱ्या काहीतरी सांगत होत्या, ते काही मामांना कळलं नाही. कुणाला विचारण्यापेक्षा हात लावून बघणं त्यांना हल्ली सोपं पडे. त्यांनी भांड्याला तळवा लावला. कोमट होतं, म्हणजे मामींचा चहा नुकताच झालेला दिसतोय.

आणि ते तिथेच थिजले.

शेडमध्ये सावली होती. ते स्वतःच म्हणाले होते. मग मोटर कसल्या उन्हाने तापली? ती आधीच चालवून ठेवली होती. थंड असती तर दोरी ओढून ओढून खांदा निखळल्यावरच चालू झाली असती. आतून पार झिजलेली होती ती. पिंपातल्या पाण्यात अशी मोटरही गुणी बाळासारखी चालते. माणसं भरलेली होडी ओढायला लागली की मग तिचं खरं रूप दिसतं.

“भाचीला फोन लाव,” ते मामींना म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले. मामींनी तीनदा लावला. कुणी उचलला नाही. मामा तोवर रस्त्यावर होते, पायांत दोन वेगळ्या चपला.

धक्क्यावर पोचले तेव्हा होडी निघून गेलेली होती. ओहोटी लागली होती, आणि ओहोटीच्या वेळी तिथलं पाणी होडीला सरळ बाहेरच्या खडकांकडे ओढतं. दूरवर भाचीची लाल ओढणी दिसत होती, पुढे आक्काचं गाठोड्यासारखं बसलेलं अंग. मामांनी टोपी हलवली, ओरडले. होडी चाललीय की नुसती वाहतेय ते एवढ्या लांबून कळेना. मामांची पाचावर धारण बसली.

शेजारी तिकीटवाल्या बाई खुर्ची मांडून बसल्या होत्या.

“बाई, मोटरचा आवाज येतोय का?”

बाई हसल्या. “कानसेन मला विचारतात होय?”

“मला ऐकू येत नाही,” मामा म्हणाले. “मला काही ऐकू येत नाही हो. तुम्ही सांगा.”

बाईंचं हसू मावळलं. त्या उठून कठड्याशी गेल्या, पदर कानामागे सारला. “येतोय. पण चिरकतेय जरा.” मग थोड्या वेळाने, “वळली बघा होडी. तुमची टोपी दिसली वाटतं तिला.” आणि मग त्या कठड्यावरून पुढे वाकल्या.

“काय झालं?”

“बंद पडली.”

मामांनी कठडा घट्ट धरला. होडी प्रवाहाला आडवी झाली आणि खडकांकडे सरकायला लागली. आक्काला पोहता येत नव्हतं. मामांना वाटलं, आपणच तिला आपल्या हाताने ढकललं. मग पाण्यावर काहीतरी चमकलं, पुन्हा चमकलं. भाचीने वल्ही काढली होती. होडी अंगठ्याएवढी होती, ती मुठीएवढी व्हायला उभा जन्म गेला. मामा एकटक बघत राहिले, पापणीसुद्धा लवली नाही.

धक्क्याला लागताच भाचीने दोर फेकला. तिचे तळहात सोलले होते. मामांनी दोर बांधला आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं: सावली, कोमट डोकं, कान.

“तुझा हात बरोबर सांगत होता, मामा,” भाची म्हणाली. “तू त्याचं ऐकलं नाहीस.” ती चिडली होती, आणि चिडण्याचा तिला हक्क होता.

आक्का अजून होडीतच बसली होती, ऑपरेशनची पिशवी छातीशी धरून. मामांनी तिला वर घ्यायला हात पुढे केला. तिने तो धरला, पण उठली नाही. धूसर डोळ्यांनी त्यांचा चेहरा शोधत राहिली.

“केव्हापासून ऐकू येत नाही तुला?” तिने मोठ्याने विचारलं.

“झाली काही वर्षं.”

“खिडकीखाली उभी राहून किती हाका मारल्या रे मी,” आक्का म्हणाली. “मला वाटलं, तुला मी नकोशी झाले.”