बोरीखालचा माणूस

मॉडेल रेल्वे क्लबच्या टेबलावर सातपुड्याचं रान उभं झालं होतं. थर्माकोलचे डोंगर, वाळवलेल्या चहापत्तीची माती, आणि बेबीताईंनी घोसाळ्याच्या जाळीतून कातरलेली बोरीची झाडं. त्यातून जबलपूर-गोंदियाची जुनी छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, वळत गेली होती.

सगळं झाल्यावर बेबीताईंनी रुळांपासून दूर, एका बोरीखाली, नखाएवढा माणूस चिकटवला.

"काकू, इथं तर स्टेशनच नाही," गाडी चालवणारा गौतम म्हणाला. "हा काहून उभा आहे?"

"बोरं तोडून राहिला. गाडीतूनच उतरला नं! तुझे काका होते तेव्हा दरवेळी उतरायचे."

"और ट्रेन छूट गई तो?" गौतमनं विचारलं.

"तिची काय बिशाद! चढावर ती माणसापेक्षा हळू चालायची."

गौतमनं गाडी सोडली. बेबीताईंनी बुटक्या बाकावर बसून टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली, तशी झाडं मोठी झाली, डोंगर आभाळाला लागले. गाडी बोरीपाशी येताच गौतमनं वेगाचं बटण मागे फिरवलं. गाडी रेंगाळली.

बेबीताई नकळत खिडकीकडे सरकावं तशा सरकल्या, आणि बाकावर एका माणसापुरती जागा झाली.